दगडूचा बंगला

दगडूचं घर बांधायला मला सात शनिवार लागले. शनिवारच, कारण रविवारी जर्मनीत ड्रिल चालवायचं नसतं. इथे नवा असताना एका रविवारी मी पडद्याचा रॉड बसवायला घेतला होता, तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सपाता घालून खाली आले. ओरडले वगैरे नाहीत. आज वार कोणता, एवढंच विचारून परत गेले.

दगडू म्हणजे आमचं कासव. हर्मन जातीचं, मूळ बाल्कनकडचं, जमिनीवर राहणारं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे नदीतलं, समुद्रातलं, विहिरीतलं आणि माळावरचं, सगळ्यांना कासव हा एकच शब्द. कराडहून मामाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो "टाकी केवढी घेतलीस?" हाच. टाकीत सोडला तर दगडू बुडून मरेल, हे त्याला तीनदा सांगितलं. तरी पुढच्या फोनला त्याने पाणी किती दिवसांनी बदलतोस म्हणून विचारलंच.

आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात तळमजल्यावर भाड्याने राहतो. मागे बागेची एक पट्टी आहे, पूर्वेकडे उघडी. दगडू घेतला तो श्वाबियन आल्पच्या डोंगरावरच्या एका खेड्यातल्या निवृत्त आजोबांकडून. ते गेली कित्येक वर्षं कासवांची पैदास करतात. त्यांची अट एकच होती: आधी बागेचा फोटो दाखवा. खोलीतल्या काचपेटीत दिव्याखाली ठेवणार असाल तर मी देत नाही. मी फोटो दाखवला, उन्हाळ्यापर्यंत बाहेर घर बांधीन असं कबूल केलं, मग त्यांनी दगडू दिला आणि सोबत एक पिवळा कागद. हा कागद म्हणजे त्याच्या जन्माचा दाखला. युरोपात ही जात संरक्षित आहे, त्यामुळे पाळीव जोडीपासून जन्मलेल्या पिल्लालाही कागद लागतो आणि घरी आणल्यावर निसर्गसंरक्षण कार्यालयात नोंद करावी लागते. वजन 500 ग्रॅम होईपर्यंत ओळखीची चिप बसवत नाहीत. तोवर आलेखाच्या कागदावर ठेवून पाठीचा आणि पोटाचा फोटो काढायचा, आणि वाढत्या वयात तो पुन्हा पुन्हा नवा करायचा. पोटावरच्या रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आमच्या घरात सगळ्यात चोख कागदपत्रं दगडूचीच आहेत.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण फोटो पाहून पुण्या-मुंबईचे तीन मित्र "आपणही आणू या का" म्हणाले. नाही. आपल्याकडचं स्टार कासव, ज्याला तारा कासवही म्हणतात, ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ते घरी ठेवणं गुन्हा आहे. पैसा टिकतो म्हणून, वास्तूला चांगलं म्हणून लोक ते चोरून घेतात, आणि त्यापायी माळावरची कासवं गोणीत भरून विकली जातात. देवळात नंदीपुढे दगडाचं असतं, तेवढं पुरे.

तर दगडू मार्चच्या शेवटी उठला. उठला म्हणजे फ्रीजमधून बाहेर आला. तळघरातला जुना फ्रीज 5 अंशांवर लावून नोव्हेंबरपासून त्याला डब्यात, मातीत, पाचोळ्याखाली झोपवला होता. डोंगरात ही कासवं थंडीभर जमिनीत पुरून घेऊन झोपतात. इथल्या हिवाळ्यात कधी फार गार तर कधी मध्येच उबदार होतं, म्हणून लोक फ्रीजचा भरवसा धरतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई आली. तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिता जीव. फ्रीजमध्ये. आणि भाजी कुठं ठेवत होतात?" फ्रीज वेगळा आहे हे सांगूनही ती पहिले चार दिवस आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं दार जरा दबकतच उघडायची.

उठल्यावर दगडूचं वजन 96 ग्रॅम भरलं, पाठ 7 सेंटिमीटर. वय तीन वर्षं. नर की मादी हे एवढ्या वयात सांगता येत नाही. दगडू हे नाव लेकीने ठेवलं, म्हणून आम्ही त्याला 'तो' म्हणतो. उद्या अंडी घातली तर बघू.

घर म्हणजे दोन भाग. एक, झाकणाचा वाफा. इथले बागवाले वसंतात रोपं लवकर काढायला लाकडाची बुटकी पेटी करतात, वर उतरतं पारदर्शक झाकण. तीच कासवाची रात्रीची आणि गार दिवसांची खोली. दुसरा भाग, तिच्यापुढचं उघडं अंगण. वाफा 120 बाय 80 सेंटिमीटर, अंगण 3 बाय 2 मीटर. पहिल्या शनिवारी खुंट्या ठोकून सुतळी बांधली तेव्हा आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "एवढ्याशा जिवाला एवढा बंगला?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दार उगवतीला ठेव." मी म्हटलं, आई, कासवाला कसलं वास्तुशास्त्र. संध्याकाळी आजोबांना फोन केला तर त्यांनीही हेच सांगितलं. रात्री गारठलेलं कासव सकाळच्या उन्हात तापल्याशिवाय खात नाही, म्हणून तोंड पूर्वेला. आईला हे सांगायचं मी टाळलं. बायकोने सांगितलं.

खणायचं काम दुसऱ्या शनिवारी. 40 सेंटिमीटर खोल. तळाशी खडी, म्हणजे पावसाचं पाणी निचरून जाईल. खडीवर बारीक छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, कारण उंदीर खालून येतात आणि झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात. जाळीवर माती. मी बागेच्या दुकानातून उत्तम प्रतीची काळी, खत घातलेली माती सहा पिशव्या आणली होती. आईने एक मूठ हातात घेतली, दाबली, नाकाशी नेली. "ही तर टोमॅटोची माती. हे कुठलं जनावर, डोंगरातलं ना?" मी आजोबांनी लिहून दिलेल्या सूचना वाचून दाखवल्या: हलकी, चुनखडीची, पाणी न धरणारी, खत नसलेली. "मग याला मुरमाड जमीन पाहिजे म्हण की," ती म्हणाली. अगदी बरोबर. काळ्या मातीत तण हिरवंगार, रसरशीत वाढतं, आणि या कासवांना तसं खाणं सोसत नाही. त्यांना चिवट, दोऱ्याचं, गरिबीतलं गवत लागतं. सहाच्या सहा पिशव्या शेजारच्या आजींना दिल्या. त्या बदल्यात त्यांनी काय दिलं ते पुढे येईल. आमची जुनी माती, वाळू आणि आल्पच्या पांढऱ्या चुनखडीचा चुरा असं मिश्रण आईने स्वतः कालवलं. घमेलं नाही म्हणून तिची चिडचिड झाली. प्लॅस्टिकच्या टबला घमेल्याचा कडक काठ नसतो, तो हातात वाकतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं.

वाफ्यातली माती 25 सेंटिमीटर जाड ठेवली. तेव्हा मला ती जरा जास्तच वाटली होती.

आता झाकणाची गोष्ट, ज्यात माझे 60 युरो जवळजवळ बुडाले. दुकानात दुहेरी भिंतीचे, आत पोकळ असे पारदर्शक पत्रे मिळतात. स्वस्त, मजबूत, आरपार दिसणारे. मी मापाने कापून आणले आणि फोटो आजोबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "पॉलिकार्बोनेट आहे का?" हो म्हटलं. "मग त्यात तुम्ही टोमॅटो लावा." काच आणि पॉलिकार्बोनेट यांतून उजेड आणि ऊब आत येते, पण उन्हातले यूव्ही-बी किरण अडतात. ते किरण अंगावर पडले तरच कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम पाठीत आणि हाडांत मुरतं. नाहीतर पाठ मऊ पडते, वाढताना वेडीवाकडी होते. एप्रिलमध्ये दगडू दिवसाचे बहुतेक तास झाकणाखालीच असणार. म्हणजे दिसायला उन्हात बसलेला, आणि ऊन मात्र अर्धवट. हे किरण आत सोडणारे ॲक्रिलिकचे खास पत्रे वेगळे येतात, जवळपास दुपटीने महाग. ते मागवले. कापलेले पत्रे दुकान परत घेत नाही. आता त्यांखाली आईने लावलेली मेथी आहे, ती छान येते.

तिसरा-चौथा शनिवार सुतारकामात गेला. लाकूड लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडाचं, रंग-रोगण न केलेलं. भिंतींना आतून फोमच्या जाड पट्ट्या, त्यावर पुन्हा फळी, कारण फोम कासव खातं. छतात एक दिवा, खाली तापायला दगडाची सपाट पाटी, थर्मोस्टॅट. बागेत वायर पुरायचं काम मी केलं नाही, इलेक्ट्रिशियन बोलावला. पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे हौस नको.

आणि झाकण आपोआप उघडणारा दांडा. हे एक मजेशीर यंत्र आहे. नळीत मेण भरलेलं असतं; ऊन वाढलं की मेण पातळ होऊन फुगतं, आतला दट्ट्या बाहेर ढकलतं आणि झाकण वर उचललं जातं. गार झालं की परत मिटतं. वीज नाही, बॅटरी नाही. मी तो मागवला होता, पण यायला उशीर होत होता. दगडू मात्र पाचव्या शनिवारीच वाफ्यात राहायला गेला, कारण लेकीला दम निघेना. मलाही निघेना, खरं तर. हवा गार आहे, ऑफिसला जाण्याआधी झाकण थोडं किलकिलं करून ठेवू, असं ठरलं.

त्या गुरुवारी सकाळी ढग होते आणि बाहेर 6 अंश. मी झाकण बंदच ठेवून गेलो. साडेअकराला आईचा फोन. ती सहसा ऑफिसात फोन करत नाही. "अरे, ऊन पडलंय, तुझा तो काटा 43 दाखवतोय." बाहेर जेमतेम 14 अंश होते. माझा थर्मोस्टॅट काय करत होता? त्याचा सेन्सर मी सावलीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत लावला होता. त्याच्या मते सगळं ठीक होतं. आईने झाकण उघडलं, पण दगडू दिसेना. पाटीवर नाही, दिव्याखाली नाही, झाडाच्या सालपटाच्या बोगद्यात नाही. मी 20 मिनिटांत घरी पोचलो. ती 20 मिनिटं मी कशी गाडी चालवली ते लिहीत नाही. एवढ्या उष्णतेत हे प्राणी तासाभरात मरतात हे मी वाचलेलं होतं.

आई मागच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून दोन बोटांनी माती बाजूला करत होती. चार बोटं खाली पाठ लागली. दगडूने डोकं अर्धं बाहेर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि परत आत घेतलं. तिथल्या मातीत थर्मामीटर खुपसला तर 21. ज्या 25 सेंटिमीटर मातीला मी जास्त म्हणालो होतो, तिने त्याला वाचवलं होतं. आई म्हणाली, "बैलसुद्धा आपण झाडाखाली बांधतो तेव्हा दोर लांब ठेवतो. सावली फिरली की त्याला फिरता यावं." मी काहीच बोललो नाही. झाकणाखाली वीट ठेवली आणि जेवायला आत गेलो.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला, पण त्याचा उपयोग झाला. पाच स्वस्तातले थर्मामीटर आणून वाफ्यात पाच ठिकाणी ठेवले आणि एक शनिवार-रविवार दर तासाला वहीत आकडे लिहिले. सकाळी 10 वाजता: दिव्याखाली 35, पाटीच्या कडेला 28, सालपटाखाली 22, मातीत 17, बाहेर अंगणात सावलीत 13. आणि दगडू कुठे आहे तेही. तो या सगळ्या ठिकाणी होता. आधी दिव्याखाली चारी पाय पसरून, मग अर्ध्या तासाने अंगणात जाऊन दहा मिनिटं चरून, परत दिव्याखाली, मग दुपारी सावलीत. तोवर मी त्याच्यासाठी योग्य तापमान कोणतं ते शोधत होतो. त्याला एकच तापमान नकोच होतं. त्यानंतर मी दिव्याची उंची, थर्मोस्टॅटचा आकडा रोज बदलणं सोडून दिलं. सेन्सर मात्र दिव्याजवळ हलवला आणि मेणाचा दांडा आला त्याच संध्याकाळी बसवला.

अंगणाच्या कडेला 40 सेंटिमीटर उंच फळ्या, त्यातल्या 15 जमिनीत. फळ्याच, जाळी किंवा काच नाही. पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच ढुसण्या देत बसतं. चारी कोपऱ्यांवर आडवी फळी ठोकली, कारण ही मंडळी चढतात आणि ती कोपऱ्यातूनच. लेक म्हणाली होती की दगडू चढणार नाही, तो आळशी आहे. दुसऱ्याच दिवशी तो मागच्या दोन पायांवर उभा राहून कोपऱ्यात नखं रोवत होता.

आत एक टेकाड केलं, दगड आणि मातीचं. त्यावर थाइम आणि लव्हेंडर. गुळगुळीत गोटे टाकले नाहीत. कासव उताणं पडलं तर पाय टेकवून उलटायला खरखरीत काहीतरी हवं, नाहीतर भर उन्हात ते तसंच पडून राहतं. पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, हनुवटी बुडेल एवढंच पाणी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवला. तो बघून आईला फार आनंद झाला, तिने लहानपणी गावच्या वैद्याकडे पाहिला होता. इथे तो पोपटाच्या खाद्याच्या दुकानात मिळतो.

खाण्याचा प्रश्न शेजारच्या आजींनी सोडवला. ऐंशीच्या घरातल्या, जिना झाडण्याची आपली पाळी एकदाही न चुकवणाऱ्या. त्यांच्या हिरवळीत डँडेलियन फार माजतं. जर्मन भाषेत त्याला 'सिंहाचा दात' म्हणतात. मी जाऊन विचारलं की तुम्ही तण मारायचं औषध फवारता का? नाही म्हणाल्या. मग तुमचं तण मला देता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आयुष्यभराचा शेजारी मिळाला. तेव्हापासून दर दोन दिवसांनी दाराशी पाटी भरून तण: डँडेलियन, क्लोव्हर, मॅलो म्हणजे जास्वंदीच्या कुळातलं एक रोप, आणि इसबगोलाच्या नात्यातली ती लांब पानांची वनस्पती, जी इथे रस्त्याच्या कडेला कुठेही उगवते. फळं नाहीत, काकडी-टोमॅटो नाही. मामाला हेही पटलेलं नाही. चित्रात कासव नेहमी काकडी खातं, म्हणतो.

आजींनीच बजावलं की थंड सोफी झाल्याशिवाय दिवा काढू नका. मे महिन्यात 11 ते 15 तारखेपर्यंत इथे थंडीच्या संतांचे दिवस मानतात, त्यातली शेवटची सोफी, 15 तारखेची. ती होईपर्यंत दहिवर गोठू शकतं, म्हणून जुने लोक तोवर रोपं बाहेर लावत नाहीत. मला ते आपल्या नक्षत्रांसारखं वाटलं, कोणत्या नक्षत्राचा पाऊस कसा, वाहन कोणतं, तसं. आईने तर आजींशी याच विषयावर तासभर गप्पा मारल्या. आईला जर्मन येत नाही, आजींना मराठी येत नाही. 13 तारखेला पहाटे खरंच गवत पांढरं झालं होतं.

शेवटचा शनिवार वरच्या जाळीला गेला. दगडू अजून काडेपेटीपेक्षा थोडाच मोठा, कावळा किंवा मॅगपाय त्याला सहज उचलेल. म्हणून अंगणावर लाकडी चौकटीत ताणलेली लोखंडी जाळी, बिजागरीवर उघडणारी. वाफ्याच्या झाकणाला रात्री आकडा. हा आकडा मार्डरसाठी. मार्डर म्हणजे मुंगसाएवढा एक निशाचर प्राणी, जर्मनीत तो गाड्यांच्या केबल कुरतडण्यासाठी प्रसिद्ध आहे. माझ्या गाडीची त्याने मागच्या वर्षी कुरतडली, 300 युरोंना पडली. जूनमध्ये एका सकाळी झाकणावर चिखलाचे पंजे उमटलेले दिसले आणि आकड्याजवळ लाकडावर ओरखडे. आत दगडू झोपलेला. त्या दिवशी मी आणखी एक आकडा बसवला, रविवार होता तरी. हाताने स्क्रू पिळला, ड्रिल न लावता.

एकंदर खर्च 450 युरो झाला, इलेक्ट्रिशियन सोडून. बायकोने एकदाच विचारलं, दगडू केवढ्याला घेतला होता? मी विषय बदलला.

जूनच्या शेवटी आई परत गेली. तेव्हा सकाळी साडेपाचलाच ऊन यायचं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असायचा. दगडू सकाळी सातला बाहेर, दहापर्यंत चरून लव्हेंडरखाली, मग संध्याकाळी पाचला परत. दिवा बंदच होता. वजन 118 ग्रॅम. मेणाचा दांडा दिवसभर झाकण वर-खाली करायचा, आम्ही कोणी घरी असो वा नसो.

जुलैत चार दिवस पारा 35 च्या वर गेला. शनिवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. कराडला पाऊस चालू होता, तिच्या मागे पागोळ्या दिसत होत्या. मी फोन घेऊन बागेत गेलो, अंगणाची चौकट उघडली, टेकाड दाखवलं, लव्हेंडर, बशी, वाफ्याचं दार.

"दगडू कुठाय?"

"दिसत नाही."

"मग बराय," ती म्हणाली, आणि शेजारच्यांचं सोयाबीन केवढं वर आलंय ते सांगू लागली.